रान (शब्दार्थ व व्युत्पत्ती)

रान (नपुंसकलिंगी, अनेकवचन राने, बोलीत रानं) : वन, पडीक मोकळी जमीन आणि कसायची शेतजमीन या तिन्ही अर्थांनी मराठीत चालणारा शब्द. कोल्हापूर जिल्ह्यात आणि शेजारच्या सांगली-साताऱ्याकडे यांतला तिसरा अर्थ रोजच्या बोलण्यात आहे. 'आबा कुठं गेल्यात?' याला 'रानात' एवढंच उत्तर येतं आणि ऐकणाऱ्याला शेतच कळतं. विदर्भ-खानदेशात याच जागी 'वावर' म्हणतात.

शब्द संस्कृत 'अरण्य' पासून आला. प्राकृतात आरंभीचा 'अ' गळून 'रण्ण' झाले. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'अरण्ण' आणि 'रण्ण' ही दोन्ही रूपे नोंदलेली आहेत. पुढे मराठीत जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर लांबला. कर्ण-कण्ण-कान, पर्ण-पण्ण-पान ही त्याच वाटेने आलेली भावंडे. विहिरीवरचा 'रहाट'ही 'अरघट्ट' मधला पहिला 'अ' टाकूनच आला आहे.

अरण्याचे शेत कसे झाले, याचे उत्तर झाडांत शोधून सापडत नाही. वैदिक वाङ्मयात 'अरण्य' हा 'ग्राम' च्या विरुद्ध टोकाचा शब्द आहे. पशूंचेही ग्राम्य आणि आरण्य असे दोन वर्ग केलेले दिसतात. वस्तीबाहेरचे ते अरण्य, हा मूळ भाव. कोल्हापूरच्या बोलीने तो नेमका जपला आहे. गावठाण संपले की रान लागते, मग तिथे ऊस असो, गवत असो की नुसता मुरूम. म्हणून 'रान' चा शेत हा अर्थ मागाहून चिकटलेला किंवा अशुद्ध मानणे बरोबर नाही.

राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या पश्चिमेच्या तालुक्यांत हे फार स्पष्ट दिसते. तिथे 'गवा रानात शिरला' म्हणजे गवा झाडीतून बाहेर पडून पिकात आला. झाडीला तिकडे डोंगर किंवा जंगल म्हणतात. 'जंगल' चे मूळ असलेल्या संस्कृत 'जाङ्गल' चा अर्थ मात्र कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश असा होता. म्हणजे दाट झाडीच्या शब्दाने शेत धरले आणि कोरड्या मुलखाच्या शब्दाने दाट झाडी.

रानाचे प्रकार मातीवरून आणि पाण्यावरून पडतात: काळं रान, तांबडं रान, माळाचं रान. पंचगंगेसारख्या नदीच्या काठची, पुरात बुडणारी गाळाची जमीन ती मळी. पाणी मुरेनासे झाले की रान चिबडते, म्हणजे सतत ओलं, दलदलीचं राहतं. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे दुखणे चांगले ठाऊक आहे. उन्हाळ्यात नांगरट करून रान तापू देतात. पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर मूठभर माती दाबून पाहायची. तिचा गोळा हाताला न चिकटता सहज फुटला, की रानाला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आली. कुळव, पेरणी, भांगलण (तण काढणे) सगळे त्यावर अवलंबून. हे सगळे बोलताना माती आणि रान यांत फरक केला जात नाही, ही या शब्दाची मोठी ताकद आहे.

सातबाऱ्यावर मात्र रान नाही. तिथे गट क्रमांक आणि क्षेत्र असते. बोलण्यात एकर आणि गुंठे, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. सरकारी व्यवहारात हा शब्द ठळकपणे टिकला तो 'गायरान' मध्ये. गावच्या गुरांसाठी राखलेली ही जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये मोफत गुरचराईसाठी जमीन नेमून देण्याची तरतूद आहे. रानडुक्कर, रानभाजी, रानमेवा यांत जुना वनाचा अर्थ अजून ताजा आहे, तर 'माळरान' मध्ये झाडही नाही आणि पीकही नाही. 'रान उठवणे' हा वाक्प्रचार शिकारीतल्या हाक्याकडे बोट दाखवतो: आरडाओरडा करून जनावर बाहेर काढायचे. 'जिवाचं रान करणे' म्हणजे जीव तोडून कष्ट करणे.