यकृताच्या खिशाला चाट

मामाचा फोन आला तोच तणतणत. "अरे, कोलेस्टेरॉल वाढलंय रक्तात आणि डॉक्टर मला इसबगोल घ्यायला सांगतात. माझं पोट तर रोज वेळच्या वेळी साफ होतं!" डॉक्टरांनी गोळीही लिहून दिली होती, पण तिच्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. गोळी म्हणजे औषध. इसबगोल म्हणजे आजोबांच्या उशाशी असायचा तो डबा.

प्रश्न मात्र खरंच चांगला आहे. इसबगोलाची भुशी आपल्याला पचत नाही. आतड्याची भिंत ओलांडून ती रक्तात शिरत नाही. एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. मग ज्या रक्तात ती पाऊलही टाकत नाही, त्यातलं कोलेस्टेरॉल ती कमी कसं करते? "तंतुमय पदार्थ नसा आतून घासून काढतात" असं उत्तर मोबाईलवर फिरत असतं. ते चूक आहे. खरं उत्तर त्याहून कितीतरी चलाख आहे, आणि त्यासाठी हृदय जरा बाजूला ठेवून यकृताकडे जावं लागतं.

कोलेस्टेरॉल या नावातच पित्त आहे. हा मेणचट पदार्थ पहिल्यांदा सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांत, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'पित्त' आणि 'घन' या दोन शब्दांवरून त्याचं बारसं झालं. आता आपण "मला पित्त झालंय" म्हणतो तेव्हा बहुतेकदा जठरातल्या आम्लाबद्दल बोलत असतो. इथलं पित्त वेगळं. यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा कडू रस. त्यातला कामाचा माल म्हणजे पित्ताम्लं. तुपकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. तसंच जेवणातल्या तेला-तुपाचे बारीक थेंब करायला शरीराला पित्ताम्लं लागतात. आणि हा साबण यकृत बनवतं कशापासून? कोलेस्टेरॉलपासून.

पित्ताम्लांचा शरीरातला एकूण साठा जेमतेम २ ते ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही. एवढ्याशा साठ्यावर दिवसभराची जेवणं निभतात, कारण काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पित्ताम्लं पुन्हा शोषली जातात आणि रक्तावाटे थेट यकृतात परततात. दिवसातून असे सहा-आठ फेरे होतात आणि दर फेऱ्यात सुमारे ९५ टक्के माल परत येतो.

गावाकडे लग्नाला पितळी भांडी भाड्याने आणत, ते आठवा. मालक मोजून वाट्या देतो, पंगती उठल्या की मोजून परत घेतो. शंभरातल्या चार-पाच हरवल्या तर तो फारशी कुरकुर करत नाही, नव्या घडवून घेतो. यकृत हा तो मालक आणि पित्ताम्लं या त्याच्या वाट्या. आता समजा, पंगतीत कुणी झोळीवाला बसलाय आणि दर पंगतीला जास्तीच्या दहा वाट्या लांबवतोय. मालकाला नव्या वाट्या घडवाव्याच लागणार, कारण उद्याही लग्न आहे. पितळ आणायचं कुठून? आधी घरातली मोड वितळवेल. ती संपत आली की बाजारात जाईल.

हा झोळीवाला म्हणजे इसबगोल. पाण्यात भिजल्यावर त्याचा जो बुळबुळीत गोळा होतो, त्यात पित्ताम्लं अडकतात, परतीच्या थांब्यावर उतरू शकत नाहीत आणि मोठ्या आतड्यातून बाहेर पडतात. जव आणि ओट्स यांतला बीटा-ग्लुकन नावाचा तंतूही हेच करतो. यकृताच्या पेशीतलं घरचं कोलेस्टेरॉल नवी पित्ताम्लं बनवण्यात खर्च होतं. आणि मग ती पेशी बाजारात जाते. बाजार म्हणजे आपलं रक्त.

कशी जाते, ते मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

रक्तातलं कोलेस्टेरॉल सुटं तरंगत नाही, ते कणांत भरून फिरतं. त्यातल्या ज्या कणांची आपण धास्ती घेतो ते एलडीएल. टेक्सासमधल्या डॅलस इथले मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन १९७० च्या दशकात एका आनुवंशिक आजाराच्या मागे लागले होते. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तर अशा मुलांचं एलडीएल जन्मापासून अनेक पटींनी जास्त असतं आणि विशीच्या आत हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्यांच्या पेशींत नेमकं काय कमी आहे हे शोधताना सापडला एलडीएल रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा एक हात. हा हात एलडीएलचा कण पकडतो, त्याला घेऊन पेशीच्या आत बुडी मारतो, आत तो सोडतो आणि रिकामा परत वर येतो. एक खेप साधारण १० मिनिटांची. हाताचं आयुष्य २० तासांच्या आसपास, तेवढ्यात शंभराहून जास्त खेपा. त्या मुलांत हे हातच नव्हते किंवा निकामी होते. या कामासाठी दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं.

किती हात बाहेर काढायचे हे पेशी कसं ठरवते? पेशीच्या आत एका पातळ पडद्यात स्रेब्प नावाचं प्रथिन खुंटीला बांधून ठेवलेलं असतं. त्याचा राखणदार असतो स्कॅप, आणि स्कॅपला कोलेस्टेरॉल 'चाखता' येतं. त्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूंत कोलेस्टेरॉलचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली घसरलं की स्कॅप स्रेब्पला सोडवून पेशीच्या गॉल्जी नावाच्या भागात घेऊन जातो. तिथे दोन विकरं (एन्झाइम) त्याचे दोन ठिकाणी तुकडे करतात. सुटलेला तुकडा पेशीकेंद्रकात शिरतो आणि डीएनएवरची बरीच जनुकं जागी करतो. त्यातलं एक असतं एलडीएल रिसेप्टरचं. दुसरं असतं स्वतः कोलेस्टेरॉल बनवण्याच्या कारखान्यातल्या मुख्य विकराचं. तिसरं पीसीएसके९ नावाच्या प्रथिनाचं, आणि ते काय करतं, तर रिसेप्टरांना नष्ट करतं! म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. निसर्गाला टोक गाठणं आवडत नसावं.

इथे थोडं डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरून ठेवा: यकृताच्या पेशीत चणचण झाली की ती रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे हात वाढवते. रक्तातला आकडा उतरतो तो त्यामुळे.

इसबगोलाचा परिणाम बेताचाच का, तेही यातून कळतं. पित्ताम्लं चोरीला जाऊ लागली की यकृत बाजारात जातं, पण त्याच वेळी स्वतःचा कारखानाही जोरात चालवतं. म्हणून उतार साधारण पाच ते दहा टक्क्यांचा. मामाच्या गोळीतलं स्टॅटिन नेमका तो कारखाना अडवतं. (जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये या जातीचं पहिलं द्रव्य शोधलं, तेही तांदळावरच्या निळसर बुरशीतून.) एकाने घरचं उत्पादन अडवायचं, दुसऱ्याने वाट्या पळवायच्या. यकृताला मग रक्ताकडे हात पसरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. डॉक्टरांनी दोन्ही का लिहून दिलं, याचं उत्तर मामाला इथे मिळालं.

आणि नुसत्या पित्ताम्लांच्या चोरीने झटके खरोखर टळतात का? हे तपासून झालंय. कोलेस्टिरामिन नावाचं औषध आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवण्यापलीकडे फारसं काही करत नाही, रक्तात तेही शिरत नाही. अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवर सरासरी सात वर्षांहून जास्त काळ त्याची चाचणी झाली. १९८४ मध्ये निकाल आला: हृदयविकाराचे झटके आणि त्यामुळे होणारे मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी.

स्वयंपाकघरात याचा अर्थ काय? भिजल्यावर किंवा शिजल्यावर जे बुळबुळीत, दाट होतं, त्याकडे आदराने बघायचं. पुरावा सर्वांत भक्कम आहे तो इसबगोल, जव आणि ओट्स यांचा. बीटा-ग्लुकन दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेलं तर फरक दिसतो. राजमा, चवळी, मसूर, पेरू, संत्रं, भिजवलेले मेथीदाणे, जवस हेही या पंगतीतले. ज्वारीच्या भाकरीवर माझं प्रेम आहे, पण तिच्यातले तंतू बहुतांशी न विरघळणारे. पोटासाठी उत्तम, वाट्या चोरण्यात कच्चे. भाकरी खाऊच नये असं मी म्हणत नाही. तिच्यासोबत मटकीची उसळ घ्यावी.

याच हातांचं आणखी एक गणित आहे. संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्धांश जास्त खाल्ला की यकृतावरचे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच घुटमळत राहतं. लोणी, तूप, पामतेल, खोबरेल ही मंडळी यात येतात. म्हणून तेलाच्या पिशवीवर लाल बदामाच्या चित्राशेजारी 'कोलेस्टेरॉल फ्री' असं वाचलं की मला हसू येतं. वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. काकडीच्या टोपलीवर 'हाडविरहित' अशी पाटी लावावी, तसं ते आहे. खोबरेल तेलही कोलेस्टेरॉल फ्रीच, पण त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश संपृक्त. पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत संपृक्त किती आणि ट्रान्स स्निग्धांश किती ते छापलेलं असतं. वाचायचं ते.

आणि मोबाईलवर फिरणारा तो काढा. लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर आटवून, मधात कालवून रोज चमचाभर. 'सर्व ब्लॉकेज विरघळतील, बायपास टळेल'. दर काही महिन्यांनी तोच मजकूर नव्या डॉक्टरांच्या नावाने येतो. गंमत अशी की ब्लॉकेज म्हणजे नळात साचलेला क्षार नव्हेच. एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत शिरतात, तिथे अडकतात, त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुगून मरतात आणि भिंतीतच एक गळू तयार होतं. त्यावर पातळ आवरण असतं. ते फाटलं की तिथे रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. फाटणारं गळू नेहमी मोठंच असतं असंही नाही. भिंतीच्या आतलं हे प्रकरण लिंबाच्या रसाने कसं विरघळणार? काढा चवीला बरा असेल, प्या. पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करणारे लोक मी पाहिले आहेत.

बाकीच्या गोष्टी मी लवकर आटोपतो. महत्त्वाच्या नाहीत म्हणून नव्हे, तुम्हाला ठाऊक आहेत म्हणून. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळं न खाणं, व्यायाम नसणं अशा नऊच गोष्टींनी पहिल्या झटक्याच्या जोखमीचा नव्वद टक्के हिशोब लागला. आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेशकडच्या लोकांना तो पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास आला. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ. यात पापड आणि लोणचंही मोजायचं. विडी असो, गुटखा असो की मिश्री, सगळ्याला रजा.

मामा आता जेवणाआधी इसबगोल घेतो, पेलाभर पाण्यात आणि वर आणखी पाणी पिऊन, कारण कोरडं घेतलं तर घशात अडकू शकतं. इतर गोळ्या त्याच वेळी घ्यायच्या नाहीत, अंतर ठेवायचं, हेही त्याला पटलंय. झोळीवाला औषधंही उचलतो. परवा त्याने विचारलं, "आकडा उतरला की बंद केलं तर चालेल ना?" बंद केलं की वाट्या पुन्हा मोजून परत यायला लागतात, यकृताची चणचण संपते, ते हात आत घेतं, आणि काही आठवड्यांत आकडा होता तिथे येतो. एवढं सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाला, "म्हणजे ही चोरी रोजची आहे तर."