नवजात अर्भक आणि त्वचा बधिर करणारी मलमे

सुई टोचण्यापूर्वी किंवा किरकोळ शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर लावून तेवढ्याच भागातील संवेदना काही काळ घालवणाऱ्या औषधांना बाह्य स्थानिक बधिरके म्हणतात. जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळासाठी ती वापरताना मलमाचे वजन, ते लावण्याची जागा आणि ते अंगावर ठेवण्याचा वेळ या तिन्ही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्या लागतात. ‘वरून तर लावायचे आहे’ ही समजूत या वयात धोक्याची ठरते.

नवजात बाळाला वेदना नीटशा कळत नाहीत, असे १९८०च्या दशकातही अनेक डॉक्टर मानत आणि काही शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देताच होत. भारतीय वंशाचे बालरोगतज्ज्ञ कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनाने या समजुतीला मोठा धक्का दिला. वेदना शमवायलाच हवी हे मान्य झाल्यावर ती सुरक्षितपणे कशी शमवावी, हा प्रश्न उरतो.

सर्वाधिक प्रचलित मलमात लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असतात. काळजी मुख्यतः प्रिलोकेनची असते. शरीरात त्याचे विघटन होताना ऑर्थो-टोल्युइडीन तयार होते आणि त्यामुळे हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलून मेथहिमोग्लोबिन बनते, जे ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसात एक विकर (एन्झाइम) ते सतत पूर्ववत करत असते. पहिल्या काही महिन्यांत मात्र या विकराची क्रियाशीलता बरीच कमी असते. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की औषध तिच्यातून झपाट्याने आत शिरते. म्हणूनच ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांना हे मलम लावू नये, असे औषधाच्या माहितीपत्रकात सांगितलेले असते.

पूर्ण दिवसांच्या बाळासाठी कमाल मात्रा १ ग्रॅम, जागा १० चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजू तीन सेंटिमीटरहून थोडी मोठी असलेला चौरस, आणि वेळ एक तास असते. २४ तासांत ते एकदाच लावायचे असते. मलमावर पारदर्शक पट्टी चिकटवतात, ती बाळाच्या तोंडात जाऊ नये याकडे लक्ष द्यावे लागते आणि तास भरताच मलम पुसून काढावे लागते. लंगोटाने लाल झालेल्या किंवा सोललेल्या कातडीवर ते लावत नाहीत. बाळाला सल्फा गटातील औषधे चालू असल्यास ते टाळतात, कारण त्यांच्यामुळेही मेथहिमोग्लोबिन वाढते.

विषबाधेची खूण ओळखता यायला हवी: ओठ व नखे निळसर-राखाडी होतात, ऑक्सिजन देऊनही रंग सुधारत नाही आणि काढलेले रक्त चॉकलेटसारखे तपकिरी दिसते. पल्स ऑक्सिमीटरचे आकडे अशा वेळी फसवे असतात. मेथहिमोग्लोबिन फार वाढले असले, तरी ते ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहतात. उपचार म्हणून मिथिलीन ब्लू शिरेतून देतात. जी६पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला मात्र त्यानेच रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. ही कमतरता पारशी समाजात विशेष आढळते, त्यामुळे कुटुंबात कोणाला ती आहे का, हे आधी विचारणे गरजेचे आहे.

हिरड्यांवर लावायच्या बेंझोकेनच्या जेलमुळेही मेथहिमोग्लोबिन वाढते. दोन वर्षांखालील मुलांसाठी ती वापरू नयेत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये बजावले. दात येताना लिडोकेनचे घट्ट द्रावण हिरड्यांना चोळण्याविरुद्ध त्याने २०१४ मध्येच इशारा दिला होता. ते गिळले गेल्यास झटके येऊ शकतात व हृदयावर परिणाम होऊ शकतो.

महाराष्ट्रात बारशाच्या सुमारास कान टोचण्याची रीत आहे आणि हल्ली अनेक कुटुंबे त्यासाठी सोनाराऐवजी दवाखान्यात जातात. तेथे मलम लावले, तर दोन्ही पाळ्यांवरचे मिळून ते १ ग्रॅममध्येच बसले पाहिजे आणि लावल्याची वेळ लिहून ठेवली पाहिजे. घरून निघताना आईने अंदाजाने जाड थर लावून आणणे योग्य नाही.

टाचेतून रक्त काढताना हे मलम फारसे उपयोगी पडत नाही, हे अभ्यासांत दिसले आहे. तेथे स्तनपान, आईच्या उघड्या छातीशी बाळ धरणे किंवा जिभेवर साखरेच्या द्रावणाचे थेंब देणे हे उपाय वापरतात.