उपरी (बायबलमधील संकल्पना)

उपरी : (हिब्रू ‘गेर’). आपले कुळ व जमीन सोडून दुसऱ्या समाजात वस्तीला आलेला आणि त्या समाजाच्या संरक्षणावर विसंबून असलेला माणूस. जुन्या करारातील कायदे त्याला बहुधा अनाथ व विधवा यांच्या जोडीने उल्लेखतात आणि त्याला आसरा, न्याय व दया मिळावी असे सांगतात. त्याला नाडू नये ही ताकीद तोरामध्ये (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांत) ३६ वेळा, काहींच्या मते ४६ वेळा आली आहे, असे तालमूद या यहुदी धर्मग्रंथात म्हटले आहे.

शब्दविचार : ‘गेर’ हा शब्द ‘मुक्काम करणे, परक्या ठिकाणी राहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्याच अक्षरांचे ‘भिणे’ आणि ‘भांडण उकरणे’ असे अर्थ असलेले धातूही हिब्रूत आहेत. त्यांच्याशी नाते जोडून ‘गेर’ म्हणजे मुळात भय वाटावे असा परका, अशी उपपत्ती काहींनी मांडली. परंतु हे धातू केवळ समोच्चारी असावेत. अरबी ‘जार’ (शेजारी, आश्रित) हा सजातीय शब्द अर्थाच्या दृष्टीने अधिक जवळचा वाटतो. ‘तोशाव’ (वस्ती करून असलेला) हा ‘गेर’चा जोडशब्द आहे. ‘नोख्री’ मात्र वेगळा. तो येणाजाणारा परदेशी, पुष्कळदा व्यापारी; त्याच्याकडून व्याज घेण्यास अनुवाद (तोरातील पाचवा ग्रंथ) याच्या २३ व्या अध्यायात मुभा आहे. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतराने ‘गेर’साठी बहुतेक ठिकाणी ‘प्रोसेलितोस’ शब्द योजला. पुढे रब्बींच्या (यहुदी धर्मपंडितांच्या) वाङ्मयात ‘गेर’ म्हणजे धर्मांतर करून आलेला, हा अर्थ रूढ झाला आणि मूळचा सामाजिक अर्थ मागे पडला.

मराठी बायबलमध्ये ‘उपरी’, ‘उपरा’, ‘परदेशीय’ असे शब्द येतात. पैकी ‘उपरी’ची निवड मार्मिक आहे. मराठेशाहीच्या महसूल व्यवस्थेत वतनी जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन मिरासी हक्काशिवाय जमीन कसणारा तो उपरी. गावात घर आहे, कष्ट आहेत, पण मिरास नाही. ‘गेर’ची स्थिती जवळजवळ हीच होती.

हे उपरी मूळचे कोण, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार ते कनानमधील पूर्वीचेच रहिवासी. दुसरे मत असे, की इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी इस्राएलच्या उत्तर राज्याची राजधानी शोमरोन घेतल्यावर तेथून दक्षिणेच्या यहूदा राज्यात आलेले निर्वासित अनुवादातील कायद्यांच्या नजरेसमोर असावेत. यरुशलेमची वस्ती इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस झपाट्याने वाढली, असे उत्खननांवरून दिसते. मागेन ब्रोशी यांनी १९७४ मध्ये या वाढीचा संबंध निर्वासितांशी जोडला. नादाव नाआमान यांनी तो नाकारून वाढ संथ व दीर्घकालीन मानली. अनुवाद ग्रंथाचा गाभा सामान्यतः इ. स. पू. सातव्या शतकातील मानला जातो, तेव्हा पहिली उपपत्ती सर्वस्वी टाकून न देताही दुसरीकडे कल झुकतो.

नियम : लेवीय (तोरातील तिसरा ग्रंथ) १९ प्रमाणे शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करायची नाही आणि खाली पडलेला सरवा उचलायचा नाही; तो गरीब व उपरी यांचा. अनुवाद २४ मध्ये विसरलेली पेंढी आणण्यासाठी मागे फिरू नये, जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडपू नये, असे बारकावे आहेत. उपऱ्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची आणि न्यायासनापुढे त्याचा न्याय विपरीत करायचा नाही. सरवा ही मालकाने मर्जीने घातलेली भीक नसून उपऱ्याचा हक्क होता, हे येथे ध्यानात घ्यावे. दया आणि न्याय या कायद्यांत वेगळे काढता येत नाहीत. कारण मात्र एकच पुनःपुन्हा येते : मिसर देशात (इजिप्तमध्ये) तुम्हीही उपरी होता.

ही समता संपूर्ण नव्हती. लेवीय २५ प्रमाणे वस्ती करून राहिलेल्या परक्यांची मुले कायमची दास म्हणून विकत घेता येत. मेलेल्या जनावराचे मांस अनुवाद १४ मध्ये उपऱ्याला देण्यास परवानगी आहे, तर लेवीय १७ मध्ये ते खाणारा स्वदेशी असो वा उपरी, सारखाच अशुद्ध ठरतो. दोन्ही संहिता वेगवेगळ्या काळातील असल्याचे हे एक गमक मानले जाते. मवाबी (शेजारच्या मवाब देशातील) माणसाला मंडळीत प्रवेश नाही, असे अनुवाद २३ सांगतो. रूथ मात्र मवाबी असूनही बेथलेहेमात सरवा वेचते आणि दाविदाची पणजी होते.

पळून आलेले : धन्यापासून पळून आलेला दास परत देऊ नये, तो निवडील त्या गावी त्याला राहू द्यावे, ही अनुवाद २३ मधील आज्ञा प्राचीन पश्चिम आशियात विलक्षण म्हणावी लागेल. हम्मुराबीच्या संहितेत असा दास घरात लपवणाऱ्याला देहदंड आहे. यशया १६ मध्ये मवाबाच्या परागंदा लोकांना लपवण्याचे आवाहन येते, तर पळणाऱ्यांना शत्रूच्या हाती दिल्याबद्दल संदेष्टा ओबद्या शेजारच्या अदोम राष्ट्राला दोष देतो. सहा शरणपुरांची तरतूद (यहोशवा २०) याहून निराळी. ती अजाणता मनुष्यवध करणाऱ्यांसाठी होती.

नव्या करारात मत्तय २ मधील मिसरात पलायन आणि मत्तय २५ मधील ‘परका’ हे परक्याला आसरा देण्याच्या शिकवणुकीचे प्रमुख आधार होत.

ठाणे : या शिकवणुकीचे ठाण्यातील एक जुने उदाहरण चौदाव्या शतकातील आहे. चार फ्रान्सिस्कन (एका कॅथलिक संघाचे) धर्मप्रचारक ठाण्यात एका नेस्तोरियन (पौर्वात्य पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. ओडोरिक या प्रवाशाच्या मते नगरात अशी पंधरा घरे होती. यजमान नवराबायकोच्या भांडणातून प्रकरण काझीपुढे गेले, पाहुण्यांना साक्षीला बोलावले, वाद धर्मावर घसरला आणि चौघे मारले गेले. ही घटना बहुतेक अभ्यासक १३२१ मधील मानतात.

बेने इस्राएल या कोकणातील यहुदी समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून कोकणात आले. काळाविषयी मतभेद आहेत. ठाण्यातील त्यांचे शाआर हाशामाइम सिनेगॉग १८७९ चे. वल्हांडणाच्या (मिसरातून सुटकेच्या स्मरणाच्या सणाच्या) रात्री वाचल्या जाणाऱ्या हगादा या विधिग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. ‘मिसरात जाऊन उपरी म्हणून राहिला’ हे पूर्वजाविषयीचे वचन तिच्या विधीत येतेच. ठाणे जिल्ह्यात ‘निर्वासित’ हा शब्द मात्र १९४७ नंतर कल्याण कॅम्पात (आजचे उल्हासनगर) आणि कोपरीत वसलेल्या सिंधी कुटुंबांशी जोडला गेला. ‘गेर’ला तो पर्याय म्हणून वापरणे पूर्णपणे बरोबर नाही, कारण ‘गेर’ हद्दपार झालेलाच असेल असे नाही.

बेने इस्राएल समाजात एलियाहू हान्नाबीच्या (संदेष्टा एलीयाच्या) नावाने मलिदा होतो : गूळ-खोबरे घातलेले पोहे, भोवती फळे. अहाब राजापासून लपलेला हा संदेष्टा दुष्काळात सारफथच्या परक्या विधवेकडे राहिला होता (१ राजे १७). तिच्या मेलेल्या मुलासाठी धावा करताना तो ‘जिच्याकडे मी राहत आहे’ असे म्हणतो, आणि त्या क्रियापदाचा धातू ‘गेर’चाच आहे.