‘स्कूबा केलंय’ आणि ‘स्कूबा येतं’

मालदीवमधल्या एका छोट्या बेटावर डाइव्ह सेंटरच्या काउंटरवर माझ्या मेव्हण्याला विचारलं, ‘‘शेवटचा डाइव्ह कधी केलात?’’ त्यानं अभिमानानं मोबाइल काढून तारकर्लीचा व्हिडिओ दाखवला. समोरच्या मुलीनं तो कौतुकानं पाहिला आणि नवशिक्यांचा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. बिचाऱ्याचा चेहरा पडला. पण चूक तिची नव्हती. स्कूबा केलंय म्हणजे स्कूबा येतं असं नाही. वडिलांच्या पाठीवर बसून विहिरीची चक्कर मारली म्हणजे पोहता येतं, असं कुणी म्हणत नाही ना?

मालवण-तारकर्लीला बहुतेक पर्यटक करतात तो ट्राय डाइव्ह. डाइव्हिंग शिकवणाऱ्या पाडी या संस्थेच्या भाषेत डिस्कव्हर स्कूबा. अर्धा-पाऊण तास समजावून सांगतात, मग इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो. जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं, हवा आणि खोली दाखवणाऱ्या काट्यांवर लक्ष ठेवणं, सगळं त्याच्याकडे. तुमचं काम दोनच: तोंडानं श्वास घेत राहायचं आणि कानात दडे बसायला लागले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. (सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो ही समजूतही सोडा. साधी हवाच असते, दाबून भरलेली.) याची कमाल मर्यादा १२ मीटर, पोहता आलं पाहिजे अशी अट नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

ओपन वॉटर हा कोर्स आहे. थिअरी, पोहण्याच्या तलावातला किंवा उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. २०० मीटर न थांबता पोहायचं, वेळेचं बंधन नाही. मग दहा मिनिटं तरंगायचं. पाण्याखाली मास्क पूर्ण भरू द्यायचा आणि नाकानं हवा सोडून रिकामा करायचा. पहिल्यांदा हे करताना माझा जीव घाबरा झाला होता, खोटं कशाला बोलू. पण ते जमलं की पुढं मास्कमध्ये पाणी शिरलं तरी धडपड होत नाही. पास झालात की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं आणि कार्ड जगभर चालतं. मध्ये फार खंड पडला तर रिफ्रेशर करायला सांगतात, एवढंच.

फरक अंगठ्यात दिसतो. आपण खुशीत अंगठा दाखवतो; पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. मेव्हण्यानं पाच मीटरवर कासव पाहून कॅमेऱ्याला अंगठा दाखवला. इन्स्ट्रक्टरनं त्याला शांतपणे वर आणलं.

आता सहलीचं. चार रात्रींसाठी जाणार असाल तर तिथं ओपन वॉटर करू नका, असं माझं स्पष्ट मत. कोर्सला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे बेट वर्गातूनच दिसणार. थिअरी आणि तलावाचा भाग मुंबई-पुण्यात उरकून रेफरल, म्हणजे तेवढा भाग झाल्याचं पत्र, घेऊन जा. तिथं फक्त समुद्रातले चार डाइव्ह राहतात. आणि फॉर्ममधल्या तब्येतीच्या प्रश्नावलीत दमा वगैरेला ‘हो’ म्हणावं लागणार असेल, तर डॉक्टरांची सही घरूनच आणा. ट्राय डाइव्हलाही ती प्रश्नावली असतेच.

ट्राय डाइव्हच करायचा असेल तर लांबचं प्रवाळबेट शोधत बसू नका. मालेहून स्पीडबोटीनं गाठता येईल असं, किनाऱ्याजवळच चांगलं रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, असलेलं कुठलंही बेट पुरतं. कार्ड असेल तर नकाशा बदलतो. ‘कंडू’ म्हणजे अटॉलमधल्या, म्हणजे प्रवाळबेटांच्या गोल कड्यामधल्या, खिंडी. तिथं प्रवाहाच्या तोंडाशी शार्क दिसतात, पण प्रवाह नवख्याला पेलत नाही. बोटीवरच राहून डाइव्ह करायच्या सफारीवाल्यांपैकी बरेच जण ॲडव्हान्स्ड या पुढच्या कोर्सचं कार्ड आणि आधीचे नोंदवलेले डाइव्ह मागतात. कार्ड कितीही मोठं असो, मालदीवमध्ये मौजेच्या डाइव्हिंगला ३० मीटरची मर्यादा आहे.

गंमत अशी, की ज्या दोन गोष्टींसाठी लोक मालदीवला डाइव्हिंगला जायचं म्हणतात, त्यांना यातलं काहीच लागत नाही. बा अटॉलमधल्या हनिफारू बेमध्ये नैर्ऋत्य मोसमात, म्हणजे साधारण जून ते ऑक्टोबर, मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे झुंडीनं येतात; पण तिथं स्कूबाला बंदीच आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीनं श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणं. दक्षिण अरी अटॉलमधला व्हेल शार्कही बऱ्याचदा पृष्ठभागाजवळच पोहत असतो. मास्क, नळी आणि लाइफ जॅकेट असलं की झालं.

परतीचं विमान मात्र ट्राय डाइव्हवाल्याला आणि कार्डवाल्याला सारखंच बांधतं. एकच डाइव्ह झाला असेल तर किमान १२ तास, अनेक झाले असतील तर किमान १८ तास उडायचं नाही. शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. सीप्लेन आणि देशांतर्गत विमानंही यात आली, स्पीडबोट चालते. त्यामुळे शेवटचा दिवस कोरडा ठेवा. आम्ही तो जेट्टीवर काढला. खाली गुडघाभर पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांची शार्कची पिल्लं फिरत होती, आणि मेव्हणा त्यांना वरून वर्तुळ करून दाखवत होता.