सही कुठवर चालते? मायक्रोनेशन आणि मायक्रोस्टेट

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत पोरांनी देश काढला. बी विंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे सावलीची एक पट्टी असते, तेवढा त्यांचा भूभाग. जुन्या ओढणीचा झेंडा, शंभर पानी वहीची पानं कापून दोऱ्यानं शिवलेले पासपोर्ट आणि नववीतली एक मुलगी राणी. एका संध्याकाळी ही राणी पासपोर्टवर सही मागायला माझ्या दारात उभी. "काकू, तुम्ही नागरिकशास्त्र शिकवता ना, तुमची सही असली की खरा वाटेल." मी विचारलं, मग तुझी सही कशाला आहे? ती म्हणाली, "माझी आमच्या गच्चीवरच चालते."

तिच्याबरोबरचा सातवीतला मुलगा मात्र हटून बसला होता. व्हॅटिकनसुद्धा एवढासाच आहे, मग तो देश आणि आमचा खेळ, असं का? प्रश्न चांगला होता. मोठी माणसंही इथेच घोटाळा करतात. मायक्रोस्टेट म्हणजे आकारानं चिमुकला, पण बाकीच्या जगानं देश म्हणून धरलेला देश. मायक्रोनेशन म्हणजे कुणीतरी स्वतःच जाहीर केलेला देश, ज्याला एकाही सरकारनं देश म्हणून मान्यता दिलेली नाही. दोन्हींकडे झेंडा असतो, टपाल तिकिटं असतात, नाणी असतात, राजा किंवा राष्ट्राध्यक्ष असतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.

आकारावरून फरक करायला गेलात तर फसाल. प्रशांत महासागरातला नाउरू हा बेटदेश 21 चौरस किलोमीटरचा, ठाणे महापालिकेच्या हद्दीत अशी पाच नाउरू सहज मावतील. लोकसंख्या सुमारे 12 हजार. तरी तो 1999 पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हट रिव्हर तब्बल 75 चौरस किलोमीटरचं होतं, म्हणजे नाउरूच्या तिपटीहून मोठं, इटलीनं चहूबाजूंनी वेढलेल्या 61 चौरस किलोमीटरच्या सान मारिनो या देशापेक्षाही मोठं. पण ते शेवटपर्यंत मायक्रोनेशनच राहिलं.

हट रिव्हरची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिची सुरुवात शेतकऱ्याच्या रागातून झाली. सरकारनं गव्हाच्या विक्रीवर कोटा लावला आणि लेनर्ड केसली यांच्या वाट्याला आलेला कोटा उभ्या पिकाच्या मानानं अगदीच तुटपुंजा होता. अर्ज-विनंत्या झाल्या, काही हाती लागलं नाही. तेव्हा 21 एप्रिल 1970 रोजी त्यांनी आपली जमीन ऑस्ट्रेलियातून वेगळी झाल्याचं जाहीर केलं आणि पुढे ते 'प्रिन्स लेनर्ड' झाले. तिथे राहणारे लोक म्हणजे मुख्यतः त्यांचंच कुटुंब. गहू, मेंढ्या आणि लांबून गाडी हाकत येणारे पर्यटक. पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारायचा, तिकिटं-नाणी विकायची, आपली कथा सांगायची, असा तिथला दिवस. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. जवळपास पन्नास वर्षं एक तक्रार जिवंत ठेवणं सोपं नाही.

पण सहीचं काय झालं? 'प्रिन्स' म्हणून केलेल्या सहीनं ऑस्ट्रेलियाचा कर टळला नाही. न्यायालयानं 2017 मध्ये सुमारे 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर कर भरायला सांगितला. त्याच वर्षी लेनर्ड यांनी गादी मुलाकडे, ग्रॅम यांच्याकडे सोपवली. 2019 मध्ये ते गेले. 2020 मध्ये करोनामुळे पर्यटक थांबले, कराचं देणं डोक्यावर होतंच, आणि त्या ऑगस्टमध्ये हट रिव्हर विसर्जित झालं. घरचा कर्ता खचला की घर खचतं, तसंच. नेता, कुटुंब, शेत आणि 'देश' ही चार वेगळी खाती नव्हतीच, सगळा एकच जमाखर्च होता.

सीलँडचंही असंच. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे 12 किलोमीटरवर दुसऱ्या महायुद्धातला एक किल्ला समुद्रात दोन खांबांवर उभा आहे. रॉय बेट्स यांनी 2 सप्टेंबर 1967 रोजी तो देश म्हणून जाहीर केला. 1968 मध्ये इंग्रजी न्यायालयानं ही जागा आपल्या हद्दीबाहेर आहे असं म्हटलं, तेव्हा ब्रिटनची सागरी हद्द तीन मैलांचीच होती. 1978 मध्ये तर तिथे बंड झालं, बेट्स यांच्या मुलाला ओलीस धरलं गेलं, मग हेलिकॉप्टरनं जाऊन किल्ला परत घेतला. कैद झालेल्या एका जर्मन माणसाला सोडवायला पश्चिम जर्मनीचा अधिकारी आला आणि बेट्स म्हणाले, हीच मान्यता. जर्मनीनं ते कधी मानलं नाही. 1987 मध्ये ब्रिटननं सागरी हद्द 12 मैलांवर नेली, म्हणजे किल्लाही तिच्या आत आला. रॉय यांच्यानंतर गादीवर त्यांचा मुलगा.

आता सान मारिनो बघा. तिथे राष्ट्रप्रमुख एक नाही, दोन. 60 सदस्यांची परिषद त्यांना निवडते, फक्त सहा महिन्यांसाठी. 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला नवी जोडी येते. ही रीत 1243 पासून चालत आलीय. पायउतार झालेल्या जोडीविरुद्ध कुणाही नागरिकाला ठराविक मुदतीत तक्रार नोंदवता येते, आणि नवी जोडी बसली की पुढच्या रविवारी लोक आपल्या मागण्यांचे अर्ज तिच्यापुढे ठेवतात. वर्गात हे शिकवताना मी दरवेळी थोडी थांबते. साडेसातशेहून जास्त वर्षं माणसं येतात आणि जातात, पण खुर्ची जागच्या जागी आहे.

म्हणजे निवडणूक आली की मायक्रोस्टेट आणि घराणं आलं की मायक्रोनेशन, असं समीकरण मांडू नका. मोनॅकोत वंशपरंपरागत राजेशाही आहे आणि तो पक्का देश आहे. इटलीतल्या सेबोर्गा गावात उलट. 1963 मध्ये गावानं जॉर्जो कार्बोने या फुलशेती करणाऱ्या माणसाला राजा निवडलं, आणि आजही लोक तिथे 'राजकन्या' निवडून देतात. तरी कर इटलीला जातो आणि गावचा कारभार इटलीच्या कायद्यानं निवडलेला महापौर बघतो. सेबोर्गाचं समाजजीवन मला आपल्या जुन्या गणेशोत्सव मंडळासारखं वाटतं. माणसं आपखुशीनं जमतात, मान देतात, उत्सव करतात, आणि नको वाटलं तर घरी जातात. त्यात कमीपणा काही नाही. फक्त अध्यक्षाचा शब्द मांडवाच्या बाहेर लागू होत नाही.

मग देश ठरतो कशावर? 1933 च्या मोंतेविदेओ करारात चार गोष्टी सांगितल्यात: कायम राहणारे लोक, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. याच कराराचं तिसरं कलम म्हणतं की राज्याचं राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. मायक्रोनेशनवाले नेमकं हेच कलम पुढे करतात. कागदावर ते चुकत नाहीत. पण चौथी अट एकट्यानं पुरी होत नाही. व्यवहाराला समोर कुणीतरी लागतंच.

ठाणेकरांना हे जवळच्या उदाहरणातून कळेल. जव्हारचं मुकणे घराण्याचं संस्थान 1948 मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं (2014 पासून ते पालघरमध्ये आहे). राजा होता, प्रजा होती, दरबार होता, महसूल गोळा व्हायचा. म्हणजे ते मायक्रोनेशन नव्हतं. पण परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हातात, म्हणून मायक्रोस्टेटही नव्हतं. राजाची सही संस्थानात चालायची, समुद्रापार नाही. आमच्या सोसायटीच्या चेअरमनचंही तसंच आहे. 1960 च्या सहकार कायद्यामुळे टँकरच्या बिलावर त्यांची सही चालते, गाडीच्या लायसन्सवर नाही.

हे सगळं केवळ कुतूहलाचं राहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. जुलै 2025 मध्ये गाझियाबादेत पोलिसांनी एक 'दूतावास' उघडकीस आणला. वेस्टार्क्टिका, सेबोर्गा अशा मायक्रोनेशनांची नावं, दारात डिप्लोमॅटिक नंबरप्लेटच्या महागड्या गाड्या, आणि परदेशी नोकऱ्यांच्या आमिषानं पैसे उकळल्याचा आरोप. त्याआधी 2023 मध्ये अमेरिकेतल्या नेवार्क शहरानं फरार स्वामी नित्यानंदच्या 'कैलासा' या स्वयंघोषित देशाशी भगिनी-शहराचा करार केला आणि काही दिवसांत रद्द केला. एक अख्खी महापालिका फसली, तिथे नोकरीच्या शोधातल्या पोराचं काय! घरातलं कुणी अशा देशाचा पासपोर्ट, व्हिसा किंवा 'मानद वाणिज्यदूत' पद विकत घ्यायला निघालं असेल, तर आधी संयुक्त राष्ट्रांच्या 193 सदस्य देशांची यादी उघडा. नाव त्यात नसेल आणि ते व्हॅटिकनही नसेल, तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या देशाचा दूतावास आहे का ते बघा. एवढं होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

पोरांना मी सान मारिनोचं सांगितलं. व्हॅटिकनचंही सांगितलं, की 1929 च्या करारानं तो 0.44 चौरस किलोमीटरचा देश उभा राहिला आणि तिथलं नागरिकत्व जन्मानं नाही, बहुधा कामामुळे मिळतं, काम संपलं की जातं. सातवीतल्या मुलाला ते फार पटलं. राणी गप्प होती. दोन दिवसांनी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर टाकीवर खडूनं लिहिलेलं 'कायमची राणी' पुसून 'दोन राण्या, एक आठवडा' केलं होतं. खाली बिस्किटांचा रिकामा पुडा चिकटवलेला, त्यावर 'तक्रारी इथे टाका'. आत दोन चिठ्ठ्या होत्या. मी त्या वाचल्या नाहीत.