लहान विमानांवरची हौशी कारागिरी

दोन ते सहा आसनी खाजगी विमानांचे मालक, फ्लाइंग क्लबांचे सभासद आणि त्यांच्या गोतावळ्यातील हौशी मंडळी विमानावर स्वतः किंवा स्वतः उभे राहून करून घेतात ती कामे. शेपटीवरच्या स्टिकरपासून पिस्टन इंजिन काढून टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारे इंजिन) बसवण्यापर्यंत यात सगळे येते. हा छंद सर्वांत जास्त रुजला तो अमेरिकेत. तिथली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन (ईएए) १९५३ साली मिलवॉकीत स्थापन झाली आणि १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा ऑशकॉशला भरतो. भारतात खाजगी विमानेच मोजकी, त्यामुळे हा छंदही मोजक्यांचा.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत, धावपट्टी मात्र नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतजमिनी घेऊन धावपट्टी केली होती. आज ते नाव विमानांपेक्षा नौदलाच्या कुंपणभिंतीविरुद्ध जून २०१७ मध्ये पेटलेल्या शेतकरी आंदोलनामुळे लोकांच्या लक्षात आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली, पण तो मोठ्या विमान कंपन्यांचा विमानतळ. क्लबच्या सेस्नाला (लहान पिस्टन विमानाला) तिथे कायमचा ठिय्या मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. म्हणून विमान बारामतीला किंवा धुळ्याला आणि मालक घोडबंदर रोडला, अशी विभागणी होते. घरी आणता येईल तेवढेच काम घरी होते.

त्यात पहिला मान स्टिकरांचा. दुचाकीच्या मडगार्डवर ‘आईचा आशीर्वाद’ कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे व्हिनाइल कापणारा प्लॉटर असतोच, आणि विमानाची नोंदणी अक्षरेही त्याच यंत्रावर निघतात. फरक मापांचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार विमानाच्या अंगावरची अक्षरे किमान ३० सेंटिमीटर आणि पंखाखालची किमान ५० सेंटिमीटर उंच लागतात. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, रेषेची जाडी एक षष्ठांश. म्हणजे ३० सेंटिमीटरचे अक्षर २० सेंटिमीटर रुंद आणि त्याची रेघ ५ सेंटिमीटर जाड. अक्षरे रोमन, मोठी आणि बिननक्षीची. भारतीय विमानांची सुरुवात ‘व्हीटी’ने. रेडियमवाल्याला हौसेने अक्षराला शेपूट काढावेसे वाटते, ते आवरावे लागते.

व्हिनाइलमध्ये ‘कास्ट’ जातीचे घ्यावे. स्वस्त ‘कॅलेंडर्ड’ व्हिनाइल उन्हात आकसते आणि रिव्हेटच्या डोक्यांवरून सुटते. साबणाच्या पाण्यावर सरकवून, रबरी पट्टीने पाणी काढून, रिव्हेटवर गरम हवा मारून ते बसवतात. वाऱ्याच्या तोंडाशी असलेली कड आधी उचलते, म्हणून ती सील करतात. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. दमट हवेत कड धरत नाही.

स्टिकर निरुपद्रवी दिसतो, पण दोन जागी तो घात करू शकतो. एक म्हणजे पंखांवरचे एलेरॉन, शेपटीवरचे एलिव्हेटर आणि रडर असे विमान वळवणारे, हलणारे भाग. त्यांचे वजन बिजागरीभोवती तोललेले असते. रंगाचे थर किंवा मोठे स्टिकर चढले तर तोल बिघडून वेगात फडफड सुरू होण्याचा धोका असतो, म्हणून तोल पुन्हा तपासतात. दुसरी जागा स्टॅटिक पोर्टची. या बारीक भोकांतून उंची व वेग दाखवणाऱ्या उपकरणांना हवेचा दाब कळतो. १९९६ मध्ये धुलाईच्या वेळी लावलेली चिकटपट्टी तशीच राहिल्याने एरोपेरूचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि विमानातले सर्व ७० जण दगावले. रंगकामानंतर मास्किंग टेपचा एकेक तुकडा मोजून काढायची शिस्त हवी ती यासाठीच.

आतली कामे साधी: पॅनेलवरची अक्षरे, तडकलेले प्लास्टिक, एलईडी दिवे (ते कधी कधी रेडिओत खरखर आणतात). सीट कव्हर शिवणारे वाशीत-ठाण्यात पुष्कळ आहेत, पण विमानातले कापड आगीच्या चाचणीत उतरलेले असावे लागते आणि तसा कागद सोबत लागतो.

इथून पुढे कोणते काम कोणत्या पायरीवर हे सहीवरून ठरते. अमेरिकेत टायर, ऑइल, स्पार्क प्लग अशी ठराविक कामे मालक-वैमानिक स्वतः करून लॉगबुकात नोंदवू शकतो. भारतात विमान पुन्हा उडण्याआधी कामावर परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही लागते आणि मूळ रचनेत बदल असेल तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मंजुरी. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथला किंवा रबाळे-महापेचा चांगला टर्नर बुश (सांध्यात बसणारी धातूची नळी) अचूक मापात उतरवून देईल. अडते ते धातूच्या प्रमाणपत्रापाशी. ती सळई कुठल्या कारखान्यातली, धातूच्या कुठल्या घाण्यातली, हे कागदावर नसेल तर तो सुबक बुश टेबलावर ठेवण्यापुरताच.

घरी अख्खे विमान बांधण्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण ठाण्याच्या शेजारचे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला चाचणी उड्डाणे झाली. गच्ची मिळाली, धावपट्टीसाठी धुळे गाठावे लागले.

इंजिन बदलण्याच्या हौसेमागे भारतात वेगापेक्षा इंधन जास्त असते. पिस्टन विमानांना १०० एलएल हे शिसेयुक्त, निळसर ॲव्हगॅस लागते आणि ते मोजक्याच ठिकाणी मिळते. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते देशात बनवून बाजारात आणले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पहिली निर्यात जेएनपीटी बंदरातून पापुआ न्यू गिनीला केली. म्हणजे उरणच्या बंदरातून ॲव्हगॅस परदेशी गेले, पण पनवेलच्या हौशी मालकाला ते भरायला विमान घेऊन दुसरीकडे जावे लागते. मोटारीचे पेट्रोल वापरण्याची मंजुरी ईएएने १९८२ मध्ये सेस्ना १५० साठी मिळवली होती, पण तिला इथेनॉल चालत नाही आणि आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल असते.

टर्बोप्रॉप मोठ्या विमानांचेच एटीएफ (जेट इंधन) जाळतो. मूळच्या ३१० किंवा ३५० अश्वशक्तीच्या पायपर मालिबू-मिराजमध्ये ५६० अश्वशक्तीचे पीटी६ टर्बोप्रॉप इंजिन बसवणारे ‘जेटप्रॉप’ रूपांतर प्रसिद्ध आहे. बोनान्झा आणि सेस्ना २०६ या लहान विमानांत बेल २०६ हेलिकॉप्टरच्या घराण्यातले ॲलिसन २५० टर्बाइन बसवतात. टर्बाइन हलके असल्याने तोल राखायला ते पुढे सरकवतात, म्हणून अशा विमानाचे नाक लांब दिसते. गंमत अशी की शक्ती वाढूनही वेगदर्शकावरची कमाल वेगाची लाल रेघ बहुधा खाली येते, कारण टर्बाइन विमानाला वेगमर्यादेचा नियम कडक आहे. फायदा मिळतो तो उंचावर; कमी उंचीवर टर्बाइन इंधन पिते, म्हणून दाबयुक्त केबिनच्या मालिबूला ते शोभते. जुहू-बारामतीसाठी ते बसवणे म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणे. शिवाय खर्च अनेकदा विमानाच्या किमतीवर जातो आणि अमेरिकी मंजुरी डीजीसीएने स्वीकारावी लागते ती वेगळीच. फक्त इंधनाची अडचण सोडवायची असेल, तर एटीएफवर चालणारे डिझेल इंजिन हा शहाणपणाचा मार्ग. सेस्ना १७२ साठी तसे मंजूर संच आहेत, आणि डायमंडची डिझेल विमाने भारतीय प्रशिक्षण संस्थांत उडतातच.