पॉइंटर आणि ऑब्जेक्ट: सी भाषेतील संबंध

पॉइंटर हे सी भाषेतील असे मूल्य आहे, ज्याच्या आधारे मेमरीतील एखाद्या ऑब्जेक्टपर्यंत किंवा फंक्शनपर्यंत पोहोचता येते. ‘दुसऱ्या व्हेरिएबलचा ॲड्रेस साठवणारे व्हेरिएबल म्हणजे पॉइंटर’ ही व्याख्या बहुतेक विद्यार्थी पाठ करतात. सुरुवातीला तेवढ्यावर भागते, पण ती अर्धीच आहे. सीच्या नियमांत पॉइंटर एका ठरावीक ऑब्जेक्टशी बांधलेला असतो आणि त्या ऑब्जेक्टची हद्द, प्रकार व आयुष्य यांची बंधने पॉइंटरवरही येतात. म्हणूनच ॲड्रेसचा आकडा तोच असूनही एका पॉइंटरचा वापर वैध आणि दुसऱ्याचा अवैध ठरू शकतो.

इथल्या ऑब्जेक्टचा जावा किंवा सी प्लस प्लसमधल्या क्लासशी काही संबंध नाही. मेमरीच्या ज्या भागातला मजकूर एखादे मूल्य दर्शवू शकतो, तो भाग म्हणजे ऑब्जेक्ट. साधा इंट (पूर्णांक), स्ट्रक्चर (वेगवेगळ्या प्रकारच्या मूल्यांचा एकत्र गट), अख्खा ॲरे (एकाच प्रकारच्या मूल्यांची रांग), त्या ॲरेतला एकेक घटक, ही सगळी ऑब्जेक्टच. त्याला नाव असलेच पाहिजे असे नाही; मॅलॉक या मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनकडून मिळालेल्या जागेला नाव नसतेच, तिथे जायला पॉइंटर हीच एक वाट असते. पॉइंटर ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो तेही ऑब्जेक्ट असल्यामुळे त्याचाही ॲड्रेस घेता येतो.

‘इंट वय = ३०; इंट *प = &वय;’ एवढे लिहिले की मेमरीत दोन ऑब्जेक्ट तयार होतात: वय आणि प. पण *प हे तिसरे ऑब्जेक्ट नव्हे आणि वयची प्रतही नव्हे; ते वयच आहे. ‘*प = ३१;’ केल्यावर वय छापून पाहिले तर ३१ दिसते. सीमध्ये फंक्शनला नेहमी मूल्याची प्रत मिळते. त्यामुळे फंक्शनने मूळ व्हेरिएबल बदलावे असे वाटत असेल तर त्याचा पॉइंटर द्यावा लागतो. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ या फंक्शनला वय देताना त्याच्या आधी & लावायचे ते याचसाठी.

ॲरे आणि पॉइंटर यांचा गोंधळ समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. सीच्या आधीच्या बी या भाषेत डेटा टाइप नव्हते. तिथे ॲरे जाहीर केला की घटकांखेरीज आणखी एक घर राखले जाई आणि त्यात पहिल्या घटकाचा पत्ता भरलेला असे. बेल लॅब्जमध्ये १९७१ ते १९७३ या काळात सी घडवताना डेनिस रिची यांना स्ट्रक्चर हवे होते. त्यांच्यापुढचे उदाहरण युनिक्सच्या डिरेक्टरीतल्या नोंदीचे होते: एक आयनोड क्रमांक (फाइलचा अंतर्गत क्रमांक) आणि त्यापाठोपाठ १४ अक्षरांचे नाव. डिस्कवर जसे बाईट आहेत तसेच ते मेमरीत हवे होते; मग नावाच्या ॲरेचा तो छुपा पॉइंटर ठेवायचा कुठे? रिची यांनी तो साठवणेच बंद केले. एक्स्प्रेशनमध्ये ॲरेचे नाव आले की त्यातून पहिल्या घटकाचा पॉइंटर त्या क्षणी तयार होईल, असा नियम त्यांनी केला. सीमधला हा फार देखणा निर्णय आहे. मात्र ‘ॲरे म्हणजेच पॉइंटर’ हा गैरसमजही त्यातूनच रुजला. बहुतेक ६४-बिट संगणकांवर १० इंटांच्या ॲरेचा साइझऑफ, म्हणजे बाईटमधला आकार, ४० येतो. तोच ॲरे फंक्शनला दिल्यावर आत पॅरामीटरचा साइझऑफ ८ येतो, कारण आत पोहोचतो तो फक्त पॉइंटर.

पॉइंटरमध्ये १ मिळवला की तो एक बाईट नव्हे, एक घटक पुढे सरकतो. शेवटच्या घटकाच्या लगेच पुढचा पॉइंटर तयार करायला परवानगी आहे, पण तिथले वाचायला किंवा तिथे लिहायला नाही. त्याहून पुढचा, किंवा पहिल्या घटकाच्या मागचा पॉइंटर नुसता काढणे हेही अनडिफाइन्ड बिहेव्हियर, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही.

खरी कसोटी इथे लागते. क्ष आणि य हे दोन इंट मेमरीत शेजारी-शेजारी आहेत आणि य मध्ये २ आहे असे समजा. ‘&क्ष + १’ आणि ‘&य’ छापले तर ॲड्रेस तंतोतंत एकच येईल. तरीही पहिल्या पॉइंटरमधून य मध्ये ११ लिहिणे चूक आहे, कारण तो क्षचा पॉइंटर आहे. जीसीसी या कंपायलरच्या काही आवृत्त्यांत असा प्रोग्रॅम चालवल्यावर त्या पॉइंटरमधून वाचलेले मूल्य ११ आणि य मात्र जुनाच २, असे आउटपुट मिळालेले आहे. क्षच्या पॉइंटरने य बदलणार नाही असे कंपायलरने गृहीत धरले, आणि तसे धरण्याचा त्याला हक्क होता. पॉइंटरच्या या मूळ ओळखीला प्रोव्हेनन्स म्हणतात. तिचे तपशीलवार नियम मांडणारा टीएस ६०१० हा आयएसओचा दस्तऐवज २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ऑब्जेक्टचे आयुष्य संपले की त्याच्याकडे बोट दाखवणारे सगळे पॉइंटर निकामी होतात. फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलचा ॲड्रेस रिटर्न करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. फ्री करून मेमरी परत दिल्यानंतर पॉइंटरमधले बिट तसेच राहतात, पण ते मूल्य भरवशाचे उरत नाही. त्याची नुसती तुलनाही करू नये. जागेचा आकार बदलणाऱ्या रिॲलॉकने योगायोगाने तीच जागा परत दिली, तरी पुढे नवा पॉइंटरच वापरायचा.

प्रकाराचे बंधनही तितकेच कडक आहे. फ्लोट (दशांश संख्या) म्हणून ठेवलेले मूल्य इंट पॉइंटरने वाचता येत नाही, कास्ट करून पॉइंटरचा प्रकार बदलला म्हणून ते वैध होत नाही. त्याऐवजी मेमकॉपी या फंक्शनने बाईट इंटमध्ये उतरवून घ्यावेत. कॅरेक्टर प्रकारांना मात्र मुभा आहे. अनसाइन्ड कॅर पॉइंटर घेऊन कोणत्याही ऑब्जेक्टचे बाईट एकेक करून पाहता येतात, अगदी पॉइंटर ज्यात साठवला आहे त्या ऑब्जेक्टचेही.